सातबाऱ्यावर नाव कुणाचं?



आपल्यात एक बोलणं फार चालतं. संस्था म्हणजे जीप, फंड, अहवाल आणि चळवळीतून फोडून नेलेली पोरं. हे निम्मं खरं आहे. शिलाईमशीन वाटायचं, दोन शेळ्या द्यायच्या, फोटो काढायचा, आणि ज्याच्या शेतात ती बाई राबते त्यालाच समारंभाचा अध्यक्ष करायचं. असल्या संस्था खंडीभर आहेत. त्यांच्यावर मला शब्द खर्चायचे नाहीत. मला उरलेलं निम्मं बोलायचंय.

बीड जिल्हा बघा. पाऊस सरला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता बांधून साखर कारखान्यांकडे निघतात. आम्ही गोदीत पोतं उचलतो, ते संध्याकाळी खाली ठेवता येतं. ही उचल खाली ठेवता येत नाही. फिटली नाही की पुढच्या हंगामावर चढते. कोरडवाहू तुकडेवालेही जातात. पण ज्याला तुकडाही नाही, त्याला मुकादमाशी घासाघीस करायलाही तोंड नसतं. गावातली गरिबी ही अशी आहे. ती शेळीनं हटत नाही.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तुरुंग भरले. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यातही जमीन होती. पण सभा संपली की वक्ते शहरात परतायचे आणि गायरान तिथंच राहायचं. तिथं राहिला एकनाथ आव्हाड. मातंग पोतराजाचं पोर, पँथरमध्ये घडलेलं. २०१५ ला तो गेला. त्यानं उभं केलेलं मानवी हक्क अभियान मराठवाड्यात गायरानासाठी लढलं.

गायरान म्हणजे गुरांसाठी राखलेली सरकारी जमीन. भूमिहीनांनी ती नांगरली. १९९१ ला सरकारनं ठराव काढला की १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करा. पण ठराव निघतो मुंबईत आणि तलाठी बसतो गावात. जमीन आपण कसत होतो, हे सिद्ध कशानं करायचं? तलाठ्याच्या 'एक-ई' नोंदवहीत नाव पाहिजे. दंडाची पावती पाहिजे. आपल्या माणसाला दंड म्हणजे गुन्हा वाटतो, पावती दडवावीशी वाटते. तिथं कार्यकर्ता सांगतो, बाबा, ही जपून ठेव, हीच उद्या तुझी सनद. उभ्या पिकात गुरं घातली, बहिष्कार टाकला, की ॲट्रॉसिटीची फिर्याद लिहून घेईपर्यंत पोलीस ठाण्यातून हलायचं नाही.

हे काम भाषणानं होत नाही, मित्रांनो. बारमाही माणूस लागतो. त्याला भाकर लागते, एसटीचं भाडं लागतं. संस्था कामी येते ती इथं.

पण फंडाला मालक असतो. परदेशी निधी एका संस्थेनं दुसरीला द्यायचा नाही, असं २०२० च्या कायदा दुरुस्तीनं ठरलं. मोठ्या संस्थांच्या हातून ज्या खेड्यातल्या बारक्या संस्थांना हा पैसा यायचा, त्यांचा नळ बंद. म्हणून संस्था तपासायची कसोटी एकच. फंड उद्या आटला तर गावात काय उरतं? शेळी मरते, मशीन गंजतं. सातबाऱ्यावरचं नाव उरतं, आणि ते मिळवताना तलाठ्याच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायला शिकलेली माणसं उरतात.

आणि नाव नसलं तर? २०११ ला सुप्रीम कोर्टानं देशभरच्या गावांच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. सरकारी आदेशानं भूमिहीनांना, दलित-आदिवासींना दिलेल्या पट्ट्यांना अपवादाची वाट ठेवली. म्हणजे वाट कुणाला? ज्याच्या हातात कागद आहे त्याला. बाकीच्याच्या घामाला पुरावा नाही.

तुम्ही शहरातली शिकलेली पोरं. प्रत्येकाचं एक गाव आहे. पुढल्या खेपेला जाल तेव्हा माहितीच्या अधिकारात 'एक-ई'चा उतारा मागा. वस्तीत बसून मोठ्यानं वाचून दाखवा. कुणाचं नाव आहे, कुणाचं गाळलंय, कसणाऱ्या बाईचं नाव कुठं आहे, ते वस्तीलाच विचारा. संस्था मदतीला आली तर घ्या, अध्यक्ष व्हायला आली तर परत पाठवा.

जयभीम.