एकोणीस एकांची संख्या

दिवाळीच्या आधी आम्ही गटाच्या बायांनी सीताबर्डीला चकली-शेवेचं दुकान मांडलं होतं. सगळा खर्च वजा जाता हातात ११११ रुपये उरले. आम्ही अकरा जणी. त्यातली एक तापाने पडलेली, दुकानावर आलीच नाही. तिला वाटा द्यायचा की नाही, यावरून बैठकीत आवाज चढले. दहा जणींत वाटले तर १११ येतात आणि एक रुपया उरतो. अकरा जणींत वाटले तर बरोबर १०१.

या १०१ ला पुढे भाग जातो का, ते आम्ही तिथेच पाहिलं. २, ३, ५, ७, कशानेच जात नाही. ११ ने पाहायची गरज नाही, कारण अकरा अकरे १२१, ते १०१ च्या पुढे गेलं. एक आणि ती स्वतः सोडून जिला कशानेच पूर्ण भाग जात नाही, ती मूळ संख्या. शाळेत घोकलेलं पहिल्यांदा कामी आलं. आहेराचे सगळेच आकडे असे नसतात बरं! ५१ ला ३ ने भाग जातो, १००१ ला तर ७, ११ आणि १३ तिघांनीही.

मग आम्हाला नुसत्या एकांच्या संख्यांचा नाद लागला. हा नाद देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनाही होता. जन्म १९०५ चा, डहाणूचा. १११ ला १११ ने गुणा, १२३२१ येतात. ११११ ला ११११ ने गुणा, १२३४३२१. अशा संख्यांना त्यांनी एका रेल्वे स्टेशनावरून डेमलो हे नाव दिलं. घरी पाटीवर करून बघा, पोरं खूश होतात.

आता ११ मूळ आहे. पण १११ म्हणजे ३ गुणिले ३७, आणि १११११ म्हणजे ४१ गुणिले २७१. बारा एक लिहिले तर चार-चारचे तीन गठ्ठे पडतात, म्हणून तिला ११११ ने भाग जाणारच. अकरानंतरची अशी मूळ संख्या थेट एकोणीस एकांची. ती एकेक भाग देऊन तपासायची तर १०५ कोटींच्या पुढपर्यंत जावं लागतं! त्यानंतर तेवीस एकांची, आणि मग एकदम ३१७ एकांची.

याहून कितीतरी मोठ्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार करणं संगणकाला सोपं, पण गुणाकारावरून त्या दोन शोधणं महाकठीण. ऑनलाइन व्यवहारांची काही कुलपं यावरच चालतात. आणि आपण फोनवर कुणालाही ओटीपी सांगून टाकतो! तिथे मूळ संख्या काय करणार?

हो, वाट्याचं राहिलंच. चकलीची भाजणी तापाच्या आदल्या दिवशी तिनेच दळून आणली होती, हे वही चाळताना निघालं. तिचे १०१ रुपये आम्ही तिच्या घरी नेऊन दिले.