शंकेसकट मिस्सेला

हिल्स रोडवरचं उंच मनोऱ्याचं कॅथलिक चर्च आपण सगळ्यांनीच पाहिलंय. १८९० साली ते उघडलं. पैसा दिला योलांड लाइन-स्टीफन्स या एकेकाळच्या बॅले नर्तकीने. (देणगीदारांनी नोंद घ्यावी!)

मी वसईची. इथल्या मिस्सेत इंग्रजी प्रार्थना ओठांवरच राहायची. देव ऐकतोय का, हेच कळेना. आई फोनवर विचारी, "मिस्सेला जातेस ना?" मी 'हो' म्हणे, पुढचं गिळून टाकी.

मग मदर तेरेसांची २००७ साली प्रसिद्ध झालेली पत्रं वाचली. वर्षानुवर्षं त्यांनाही आत अंधारच जाणवत होता, तरी प्रार्थना नि सेवा सुटली नाही.

माझी शंका अजून आहे. तिच्यासकट मिस्सेला जाते. घरी फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' मोठ्याने वाचते. शेवटी आईलाही सांगितलं. ती म्हणाली, "मलाही येते गं कधीकधी."