कामाचा ताण : ओझं किती आणि हातात किती
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जण आपापल्या घरातले पहिले नोकरदार आहेत. कुणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर, कुणी बँकेत शाखाधिकारी, कुणी मुख्याध्यापक, कुणी पंचायत समितीत. हरसूलला आलो की लोक आपल्याला 'साहेब', 'मॅडम' म्हणतात. माझी नोकरी कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात गेली, म्हणून आयोजकांनी हा विषय मला दिला. दहाच मिनिटं घेतो.

आपला सगळ्यांचा एक समज आहे : जेवढा मोठा साहेब तेवढा मोठा ताण, म्हणून हार्ट अ‍ॅटॅकही त्यालाच. संशोधन उलटं सांगतं. १९६७ मध्ये लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या पुरुष कर्मचाऱ्यांचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्याला 'व्हाइटहॉल अभ्यास' म्हणतात. त्यात सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या माणसांचं हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या श्रेणीच्या तिपटीहून जास्त निघालं. विडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब धरला तरी निम्म्याहून अधिक फरक उरतच होता. मग १९८५ मध्ये मायकेल मार्मट यांनी दहा हजारांहून अधिक स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांचा दुसरा अभ्यास सुरू केला. त्यातून दिसलं की आपल्या कामावर आपला ताबा किती, या गोष्टीचा हृदयाशी जवळचा संबंध आहे.

अमेरिकेतल्या रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्येच हे सूत्र मांडलं होतं : काम भरपूर आणि निर्णयाचा अधिकार थोडा, ही जोडी सगळ्यात वाईट. पुढे त्यात सहकाऱ्यांच्या आधाराचीही भर पडली.

हे आपल्याला परकं नाही. आवणीच्या दिवसांत कंबर मोडेपर्यंत काम असतं. पण कोणत्या खाचरात आधी उतरायचं हे घरचं माणूस ठरवतं आणि शेजारपाजारचे हात मदतीला येतात. तोच माणूस वाघेरा घाट उतरून गिरणाऱ्याच्या मजूर नाक्यावर उभा राहतो, तेव्हा आज काम मिळेल का, कुणाच्या द्राक्षबागेत, किती रोजानं, यातलं फार थोडं त्याच्या हातात असतं. कष्ट दोन्हीकडे आहेत. मनाला लागणारा घोर मात्र वेगळा.

आता आपल्याकडे वळू. आपल्यातले बहुतेक जण मधल्या फळीतले. वरून टार्गेट येतं, खालून गाऱ्हाणी येतात, आणि माणूस वाढवायचा किंवा मुदत पुढे ढकलायची तर सही दुसऱ्याची लागते. आपल्या देशातले मानसशास्त्रज्ञ उदय पारीक यांनी नोकरीतल्या भूमिकेमुळे येणाऱ्या ताणाचे दहा प्रकार मोजायची प्रश्नावली तयार केली. त्यातले तीन सांगतो. साहेबाची एक अपेक्षा आणि हाताखालच्यांची दुसरी. काम आहे, पण साधनं अपुरी. आणि तिसरा, नोकरीतला मी आणि घरातला मी यांची ओढाताण. तो आपल्याला जास्त लागू पडतो. भावाची फी, घराचं बांधकाम, गावातल्या कुणाचं दवाखान्यातलं काम, सगळ्यांची नजर आपल्याकडे. घरच्यांना वाटतं, पंख्याखाली बसून पगार मिळतो, ताण कसला? म्हणून आपण बोलत नाही.

तासांचंही ऐका. १९४८ च्या कारखाने कायद्यानं कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली. देखरेख आणि व्यवस्थापनाच्या पदांवरच्यांना त्यातून वगळता येत असे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये जाहीर केलं की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. रात्री जेवतानाही फोनवर रिपोर्ट पाठवणाऱ्यांनी आपले तास एकदा मोजावेत.

नोकरी सोडा, असं मी सांगणार नाही. आपल्या पगारावर किती चुली चालतात हे मला ठाऊक आहे. पण चाळिशी ओलांडलेल्यांनी वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर १४४१६ या 'टेलि-मानस' क्रमांकावर बोलावं. ही सरकारची मोफत सेवा आहे, मराठीतही बोलता येतं.

आणि ज्यांच्या हाताखाली चार माणसं आहेत त्यांना एक विनंती. आपल्याला वरून अधिकार मिळेल तेव्हा मिळेल. पण कोणतं काम आधी घ्यायचं, पाळी कशी लावायची, सुट्टी कुणी कधी घ्यायची, एवढं तरी त्या चौघांना विचारून ठरवता येतं. त्याला पैसा लागत नाही, वरची सहीही लागत नाही. त्यांच्यात कदाचित आपल्याच पाड्यावरून आलेला एखादा मुलगा असेल, आणि त्याच्या तब्येतीचा थोडा भाग तुमच्या हातात आहे.