दिवा लागला, पण अर्थिंगचं काय?



गेल्या पावसाळ्याआधी आमच्या गटाने तेलाच्या १५ किलोच्या डब्याचा गोठ्यासाठी दिवा बनवला. डबा कापला, कडा ठोकून आत वळवल्या, निळा ऑइलपेंट मारला, मधोमध होल्डर बसवला. बटण दाबलं, दिवा लागला, टाळ्या वाजल्या. गटातल्या एकीचा भाऊ वायरमन आहे. त्याने दिवा उलटासुलटा करून एकच विचारलं, "ताई, हिरवी वायर कुठंय?"

ती आम्ही कापून चिकटपट्टीत गुंडाळली होती. प्लग दोन पिनांचा, तिसरी वायर लावायची कुठं!

आता बघा, भोकाच्या धारेवर फेजची वायर घासली आणि पत्र्याला टेकली, तरी दिवा लागतच राहतो. बाहेरून काही कळत नाही. पण अख्खा पत्रा २३० व्होल्टचा झालेला असतो. गोठ्यात जमीन ओली, धारेचे हात ओले, पायात चप्पल नाही. म्हैस तर चारही पायांनी ओल्यात उभी. हिरवी वायर धड असेल तर तो करंट तिच्यातून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो.

मग आम्ही तीन पिनांचा प्लग आणला. त्यातली जाड, लांब पिन अर्थिंगची. ती लांब असते, म्हणजे प्लग घालताना आधी लागते आणि काढताना शेवटी सुटते. हिरवी वायर डब्याला स्क्रूने आवळली. भोकात रबरी वायसर घातला. झालं, असं वाटलं.

वायरमनभाऊने मल्टिमीटर काढला. प्लग बोर्डातून बाहेरच होता. ही तपासणी नेहमी तशीच करायची. मीटर आवाजाच्या खुणेवर ठेवला, एक टोक जाड पिनेला, दुसरं डब्याला. आवाजच नाही! स्क्रू बसला होता आमच्या सुंदर निळ्या रंगावर, आणि रंगातून करंट जात नाही. स्क्रूखालचा रंग पॉलिशपेपरने खरवडला, पत्रा चकचकीत केला, दातेरी वायसर घालून पुन्हा आवळला. तेव्हा मीटर वाजला. मग वायर हलवून, ओढून पुन्हा बघितलं. नुसता टेस्टर लावून अर्थिंग कळत नाही, हेही त्या दिवशी कळलं. टेस्टर पेटला नाही म्हणजे आत्ता पत्र्यात करंट नाही, एवढंच.

पण दिव्याची हिरवी वायर जाणार बोर्डात, आणि बोर्डातली खड्ड्यात. नीरा डाव्या कालव्याखालच्या काळ्या रानात ओल टिकते. जिरायती भागातल्या मुरमात उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, मग अर्थिंग नावालाच. तिथे खड्ड्यात पाणी ओतत राहावं लागतं. बोर्डातली आणि खड्ड्याची तपासणी वायरमनकडूनच करून घ्या, तिथे आपण हात घालायचा नाही. हिरवी वायर न्यूट्रलला, नळाच्या पाइपला किंवा छपराच्या पत्र्याला बांधून काम भागवू नका. आणि जमलं तर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे.

आमचा दिवा आता गोठ्यात आहे. दर पावसाळ्याआधी तो खाली उतरवून मीटर लावायचा, असं गटाच्या वहीत लिहून ठेवलंय. मीटर गटाच्या पैशातून घेतला. शेजारच्या गटाने परवा तो मागून नेला, त्यांच्या दोन दिव्यांपैकी एक वाजला नाही.