प्रत्येक गोगलगायीच्या पोटात पाय नसतात

(कुटुंब सल्ला केंद्रांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा मजकूर. उदाहरणांतले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)



आपल्या केंद्रावर येणारी बाई सांगते, "नवरा मारतो", "पितो", "खर्चाला पैसे देत नाही". हे ऐकायची आपल्याला सवय आहे आणि पुढं काय करायचं तेही ठाऊक आहे. पण अधूनमधून एक वेगळी बाई येते. खुर्चीच्या कडेला बसते आणि म्हणते, "ताई, तो मारत नाही, पीत नाही, आवाजसुद्धा चढवत नाही. सगळे म्हणतात, गाय आहे बिचारा. पण त्या घरात माझा जीव गुदमरतो." मग मोबाईलवर कुठंतरी वाचलेला शब्द हळूच पुढं करते. "तो नार्सिसिस्ट असेल का हो?"

या प्रश्नाचं काय करायचं, यावर मी बोलणार आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

काही वर्षांपूर्वी एक शिक्षिका आली होती. तिची तक्रार ऐकून मी नवऱ्याला बोलावलं. खाली मान घालून बसला, हळू आवाजात बोलला, "मीच कमी पडतो तिला" म्हणताना त्याचे डोळे भरून आले. मला वाटलं, माणूस लाजाळू आहे. मी तिला समजावलं, "काही माणसं अबोल असतात. त्यांना वेळ द्यावा लागतो." ती मान डोलावून गेली. आठ महिन्यांनी परत आली तेव्हा निम्मी झाली होती. म्हणाली, "ताई, केंद्रातल्या बाईंनीसुद्धा तुलाच समजावलं, हे तो मला रोज ऐकवत होता."

या वेळी मी नीट ऐकलं. तिच्याकडे शाळेचा चार्ज आला, त्या दिवसापासून तो बावीस दिवस तिच्याशी बोलला नव्हता. ताटावर बसायचा, दोन घास खाऊन उठायचा. सासूला सांगायचा, "मोठी झाली ती, मी कुठं तिच्या लायकीचा!" शाळेत तिचा सत्कार होता, त्या दिवशी त्याच्या छातीत दुखू लागलं. ती सत्कार सोडून दवाखान्यात बसली. तपासणीत काही निघालं नाही. तिनं चार्ज सोडला आणि त्याच संध्याकाळी तो हसून बोलला.

दुसरं उदाहरण उलटं आहे. एका बाईला तिच्या बहिणींनी आणलं होतं. त्यांचं निदान आधीच झालेलं होतं, "हा नार्सिसिस्ट आहे, हिला सोडवा." नवरा यंत्रदुरुस्तीचं काम करणारा. लग्नकार्याला येत नाही, नजरेला नजर देत नाही, रोज तेच वरण-भात-बटाटा. बायको रडायला लागली की पाण्याचा तांब्या आणून ठेवतो आणि दुसऱ्या खोलीत निघून जातो. मी त्याला विचारलं, "निघून का जाता?" तो म्हणाला, "मी असलो की ती जास्त रडते, असं मला वाटलं." बायकोनं त्याला पहिल्यांदाच सरळ सांगितलं, "मी रडत असले की शेजारी बस. काही बोलू नकोस." त्यानं ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या वेळी खरोखर बसला. पुढं तो स्वतःहून मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला आणि चाळिशीत त्याला कळलं की आपण स्वमग्न आहोत. त्यांचा संसार सोपा झाला असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या घरात जे चाललं होतं, ते इथं नव्हतं.

आता शब्दांकडे वळू. अंतर्मुख, स्वमग्न, आत्ममग्न. तिन्ही शब्दांत माणूस स्वतःकडे वळलेला आहे, म्हणून आपला गोंधळ होतो. 'ऑटिझम' हा शब्दही ग्रीक भाषेतल्या 'स्वतः' या अर्थाच्या शब्दावरूनच आला आहे. पण तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

अंतर्मुखता हा स्वभाव आहे. कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञानं 1921 सालच्या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी मांडणी केली. अंतर्मुख माणूस गर्दीनं थकतो आणि एकांतात ताजातवाना होतो. त्याला माणसं नकोशी नसतात, थोडी हवी असतात.

स्वमग्नता ही जन्मापासूनची मेंदूच्या घडणीतली वेगळी तऱ्हा आहे. लिओ कॅनर यांनी 1943 साली अशा मुलांचं वर्णन केलं. आज ती मुलांपुरती मानली जात नाही, कारण मुलं मोठी होतात. न बोलता दिलेल्या खुणा, चेहऱ्यावरचे भाव, टोमण्यातला अर्थ अशा माणसाला चटकन कळत नाही. आवाज, वास, कपड्यांचा स्पर्श फार जाणवतो. ठरलेला क्रम मोडला की तो कासावीस होतो. समोरच्याचं दुःख ओळखता न येणं आणि ते ओळखूनही त्याची पर्वा नसणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकानं 2012 साली आणखी एक गोष्ट मांडली. न समजणं हे दोन्ही बाजूंनी असतं. आपल्यालाही त्यांचं मन वाचता येत नाही, पण दोष मात्र त्यांच्या एकट्याच्या माथी जातो.

आता तिसरं, छुपी आत्ममग्नता. आत्मप्रौढी म्हटलं की छाती काढून फिरणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. पॉल विंक या संशोधकानं 1991 साली दाखवलं की तिचे दोन चेहरे असतात, एक मिरवणारा आणि दुसरा हळवा. दुसऱ्या चेहऱ्याचा माणूस लाजरा, दुखावलेला दिसतो. पण आत 'माझी किंमत कुणाला कळली नाही' हा हिशोब चालू असतो. टीका सोसत नाही, दुसऱ्याचं कौतुक सोसत नाही. राग उघड येत नाही. तो अबोल्यातून, आजारपणातून, 'माझं काय, मी असाच' यातून येतो. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते हेच. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 सालच्या नियमावलीत आत्मप्रौढीच्या विकाराची नऊ लक्षणं आहेत. निदानासाठी त्यांतली निदान पाच लागतात. 'छुपा' असा वेगळा विकार त्यात नाही. तेव्हा हा शब्द वर्णनापुरता वापरावा.

मग केंद्रावर बसलेल्या आपण काय विचारायचं? मी आता पाच प्रश्न विचारते.

पहिला, तो गप्प कधी होतो? अंतर्मुख माणूस पाहुण्यांच्या गराड्यानंतर गप्प होतो. स्वमग्न माणूस गोंगाटानं, अचानक बदललेल्या बेतानं मिटतो. तिसरा मात्र बायको 'नाही' म्हणाली की, तिचं कौतुक झालं की, तिनं तक्रार केली की गप्प होतो.

दुसरा, ते गप्प बसणं संपतं कशानं? विश्रांतीनं, की तिनं माफी मागितल्यावर? आपल्याकडे 'अबोला धरणं' असा नेमका शब्दप्रयोग आहे. अबोला धरला जातो, कुणावर तरी धरला जातो आणि तो सोडण्याची काही किंमत वसूल केली जाते.

तिसरा, "मला याचा त्रास होतो" असं सरळ, शांतपणे सांगितलं तर काय होतं? एक म्हणेल, "मला कळलंच नव्हतं." दुसरा थोडा वेळ मागेल आणि नंतर बोलेल. तिसऱ्याकडे पाच मिनिटांत बाजू उलटते. दुखावलेली ती असते आणि समजूत त्याची काढावी लागते.

चौथा, चारचौघांत आणि घरात तो सारखाच आहे का? इथं जपून. स्वमग्न माणूसही बाहेर कसंबसं निभावून नेतो आणि घरी येऊन कोसळतो. म्हणून केवळ या एका उत्तरावर जाऊ नका.

पाचवा प्रश्न बाईबद्दलचा. ती कशी होत चालली आहे? मैत्रिणी सुटल्या का? माहेरी जाणं बंद झालं का? पगार कुणाच्या हातात आहे? आपल्या आनंदाची बातमी ती घरात लपवते का?

हे पाच प्रश्न म्हणजे रक्ताची तपासणी नव्हे. एकाच माणसात दोन गोष्टी असू शकतात. स्वमग्न माणूसही बायकोला छळू शकतो. निदान मानसोपचारतज्ज्ञानं किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञानं, त्या माणसाला समोर बसवून करायचं असतं. माझ्या एम.एस.डब्ल्यू.च्या पदवीनं मला तो अधिकार दिलेला नाही. बायकोच्या सांगण्यावरून नवऱ्याला शिक्का मारायचा नाही, आणि नवऱ्याच्या सांगण्यावरून बायकोला तर मुळीच नाही. 'वेडसर आहे' म्हणून माहेरी पाठवून दिलेल्या किती बायका आपण पाहिल्या आहेत! आता नवरेही हा नवा शब्द शिकून येतात.

गप्प पुरुष 'शांत', 'मितभाषी', 'साधा' ठरतो. गप्प सून 'घुमी', 'शिष्ट', 'माणूसघाणी' ठरते. स्वमग्न मुली लहानपणापासून इतरांची नक्कल करून स्वतःला झाकायला शिकतात, म्हणून त्यांचं निदान पुष्कळदा उशिरा होतं किंवा होतच नाही. आपल्यासमोर बसलेली अबोल बाई अंतर्मुख असेल, स्वमग्न असेल किंवा नुसती घाबरलेली असेल. शेवटची शक्यता आधी तपासा.

बाई विचारते, "आजारच असेल, तर मी सोसायला हवं ना?" याचं उत्तर स्पष्ट द्या. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा 2005 सालचा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 मध्ये शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही आहे. नवऱ्याला कोणता विकार आहे, हे त्यात बाईला सिद्ध करावं लागत नाही. काय घडलं ते सांगावं लागतं. नुसता अबोला कोर्टात दाखवणं अवघड आहे, हेही तिला खरं खरं सांगा. म्हणून तिला तारीखवार वही ठेवायला सांगा. अपमान, धमक्या, अडवलेले पैसे, सोडायला लावलेली नोकरी, सगळं त्यात येऊ दे. वही घरात ठेवायला नको, मैत्रिणीकडे किंवा शाळेच्या कपाटात ठेवावी.

त्या शिक्षिकेची मी माफी मागितली. तिनं विचारलं, "म्हणजे तो तसाच आहे ना?" मी म्हटलं, "ते मला ठरवता येणार नाही. पण तुम्ही सांगता ते घडलंय यावर माझा विश्वास आहे, आणि ते चुकीचं आहे." ती बराच वेळ रडली. पुढच्या जूनमध्ये तिनं शाळेचा चार्ज पुन्हा घेतला. घरी अबोला सुरू झाला. या वेळी तिनं दिवस मोजले नाहीत. ती सध्या बहिणीकडे राहते आणि पुढचं काय ते ठरवते आहे. ठरवायला तिला वेळ लागतोय, आणि तो आपण द्यायला हवा.

आता तुमच्या केंद्रांवरचे अनुभव सांगा. मी चुकले तशा तुम्हीही चुकला असाल, तर तेही सांगा.