परिचारिका सबळ, तर आरोग्यसेवा सबळ
(सुवर्णमहोत्सवानिमित्त गंगाखेड येथे दिलेले व्याख्यान)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाबद्दल आपणा सर्वांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करते. अशा मंगल प्रसंगी संयोजकांनी आरोग्यसेवेचा विषय निवडावा आणि तो मांडण्यासाठी परिचर्येचे शिक्षण देणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षिकेला पाचारण करावे, याचे मला विशेष समाधान वाटते. रुग्णालय म्हटले की इमारत, यंत्रसामग्री आणि डॉक्टर एवढ्यांचाच विचार करण्याची आपल्याला सवय आहे. रुग्णाच्या उशाशी चोवीस तास असणाऱ्या परिचारिकेचा विचार बहुधा शेवटी होतो, आणि पुष्कळदा होतच नाही. म्हणून आज तिच्याविषयी बोलण्याचे मी योजिले आहे.

गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. गोदाकाठच्या या गावाने महाराष्ट्राला जी संतकवयित्री दिली, ती नामदेवांच्या घरी दळणकांडण आणि झाडलोट करणारी दासी होती. तिच्या त्या कष्टांत साक्षात विठ्ठल सहभागी होत असे, अशी लोकमानसाची श्रद्धा आहे. जैन परंपरेत चतुर्विध दानांत औषधदानाची गणना होते आणि सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याला, म्हणजे आजारी, वृद्ध व तपस्वी साधूंच्या शुश्रूषेला, मानाचे स्थान आहे. ज्या भूमीने हाताच्या कष्टांना देवत्व दिले आणि ज्या परंपरेने शुश्रूषेला तप मानले, तेथे परिचारिकेचा व्यवसाय उपेक्षित राहू नये, एवढीच माझी विनंती आहे.

आधुनिक परिचर्येचा पाया फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी घातला, हे आपण जाणताच. त्यांचा जन्म १२ मे १८२० रोजी झाला आणि तोच दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. हाती दिवा घेतलेली त्यांची मूर्ती आपल्या परिचयाची आहे. परंतु त्या उत्तम संख्याशास्त्रज्ञही होत्या, हे फार थोड्यांना ठाऊक असते. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा अस्वच्छतेतून उद्भवणाऱ्या रोगांनी अधिक सैनिक दगावले, हे त्यांनी आकडे व आकृत्यांच्या साहाय्याने दाखवून दिले. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा सुरू झाली. त्या भारतात कधी आल्या नाहीत. तरीही पुण्याच्या सार्वजनिक सभेशी ग्रामस्वच्छतेविषयी त्यांचा पत्रव्यवहार होता.

महाराष्ट्राचा इतिहासही या बाबतीत मागे नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या हडपसरनजीकच्या दवाखान्यात रुग्णांची सेवा केली. प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदन स्थापन करणाऱ्या रमाबाई रानडे यांनी स्त्रियांना, विशेषतः तरुण विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास प्रवृत्त केले. परपुरुषाच्या अंगाला हात लावावा लागणारे काम कुलीन स्त्रीने करू नये, अशी तेव्हाची समजूत होती. त्या समजुतीचा अंश आजही पूर्णपणे गेलेला नाही, हे मला खेदाने नमूद करावे लागते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने आपला अहवाल सादर केला. त्या वेळी देशात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता, तर एक परिचारिका तब्बल ४३,००० लोकांमागे होती! ५०० लोकांमागे एक परिचारिका असावी, असे उद्दिष्ट समितीने सुचविले. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, १९६६ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा परिचारिका अधिनियम केला आणि २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत केला. कायदे झाले, महाविद्यालये वाढली; परंतु खाटेजवळचे चित्र त्या वेगाने पालटले नाही. ही उणीव जगभर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाखांची तूट होती.

आता कोणी विचारील, परिचारिका थोड्या कमी असल्या म्हणून काय बिघडते? डॉक्टर दिवसातून एकदोनदा रुग्णाला पाहतात. मधल्या वेळेत श्वासाची गती वाढली, लघवीचे प्रमाण घटले, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना, हे प्रथम लक्षात येते ते परिचारिकेच्या. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही तासांत तिने नाडी आणि रक्तदाब वारंवार तपासला, तर माता वाचते. तिच्याकडे एकाच वेळी चाळीस रुग्ण असतील, तर तपासणार कोण? युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे सव्वाचार लाख रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेवर एक रुग्ण वाढला की तीस दिवसांच्या आत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले, तर ती शक्यता तेवढीच घटते, असेही दिसून आले. संख्या आणि शिक्षण, दोन्हींनी प्राण वाचतात.

उत्तम शुश्रूषा म्हणजे काय, याचे उदाहरण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाने घालून दिले आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षे, तेथील परिचारिकांनी पिढ्यान् पिढ्या त्यांना सांभाळले. एवढ्या प्रदीर्घ काळात त्यांना शय्याव्रण झाला नाही, याची नोंद २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. मात्र ही घटना आणखी एक कठोर प्रश्न विचारते. हल्ला झाला तो कर्तव्यावरील परिचारिकेवर, आणि तोही रुग्णालयाच्या आवारात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात अंजली कुलथे यांनी दहशतवाद्यांच्या गोळीबारात वीस गरोदर स्त्रियांना सुरक्षित जागी हलविले. परिचारिकांकडून आपण एवढ्या धैर्याची अपेक्षा करतो. त्यांच्या सुरक्षिततेची हमी मात्र कोण देतो?

आपल्या परिसराकडे वळते. मैदानी भागात पाच हजार लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे, असे शासकीय प्रमाण आहे. त्याचा कणा म्हणजे आरोग्य सेविका. गरोदर स्त्रीची नोंद, लसीकरण, प्रसूतीपश्चात भेटी, क्षयरुग्णांचा पाठपुरावा आणि या सर्वांच्या नोंदवह्या तिनेच सांभाळायच्या. आपल्या भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीला जातात. गरोदर स्त्री कोयता घेऊन परजिल्ह्यात गेली की तिच्या तपासण्या खंडित होतात, लेकराची लस चुकते. ती जाण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन तपासून, हाती नोंदीचे कार्ड देऊन, परतल्यावर पुन्हा तिच्या दारी जाणारी व्यक्ती एकच, आणि ती म्हणजे आरोग्य सेविका. तिला राहण्यास सुरक्षित निवासस्थान नसेल, तर ती गावात मुक्काम कसा करणार?

वेतनाचा प्रश्नही टाळता येत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. तालुक्याच्या गावांतील बहुतेक खासगी रुग्णालये याच गटात मोडतात. अनेक ठिकाणी मात्र दहावी-बारावी झालेल्या मुलींना अल्प मोबदल्यावर ठेवून, चार महिन्यांत इंजेक्शन देणे शिकवून ‘सिस्टर’ म्हटले जाते. यात त्या मुलींवर अन्याय आहे आणि रुग्णाच्या जिवाला धोकाही आहे.

ट्रस्टसारख्या संस्था येथे पुष्कळ करू शकतील. माझ्या सूचना चार आहेत. पहिली, सुवर्णमहोत्सवी निधीतून दरवर्षी काही गरजू मुलींच्या, आणि मुलांच्याही, परिचर्या शिक्षणाचा संपूर्ण भार उचलावा. जीएनएमला तीन, तर बी.एस्सी. नर्सिंगला चार वर्षे लागतात, म्हणून मदत एका वर्षापुरती नसावी. दुसरी, बाहेरगावाहून येणाऱ्या परिचारिकांसाठी सुरक्षित वसतिगृह उभारावे. तिसरी, समाजातील जे डॉक्टर व रुग्णालयचालक येथे उपस्थित आहेत, त्यांनी नोंदणीकृत परिचारिकाच नेमण्याचा आणि त्यांना योग्य वेतन देण्याचा संकल्प करावा. चौथी, घरोघरी अंथरुणावर असलेल्या वृद्धांची काळजी कशी घ्यावी, कूस केव्हा बदलावी, जखम स्वच्छ कशी ठेवावी, याचे वर्ग अनुभवी परिचारिकांकडून भरवावेत.

शेवटी एक प्रश्न आपणा पालकांना विचारते. आपली कन्या डॉक्टर व्हावी असे आपणा सर्वांना वाटते. तिने परिचारिका होण्याची इच्छा व्यक्त केली, तर आपण आनंदाने संमती द्याल काय? ज्या दिवशी या सभागृहातून त्या प्रश्नाला निःसंकोच होकार येईल, त्या दिवशी आरोग्यसेवेचा निम्मा प्रश्न सुटला असे मी समजेन.