भाग : खडक एकच, नगर जिल्हा मात्र वेगळा वेगळा

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

हेडफोन लावलेत ना? चला तर मग, आज नगरला जाऊ. कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण बोलण्यात अजून नगरच येतं.

सुरुवात नागापूरपासून. मनमाड रोड, एमआयडीसी, शिफ्ट सुटल्यावरची गर्दी. इथं निसर्ग कुठाय, असं वाटेल. पण कुठं पाइपलाइनसाठी चर खणला असेल, तर जरा थांबून बघा. वर माती, तिच्याखाली पिवळट मुरूम आणि त्याच्याखाली काळा दगड. आजची गोष्ट त्या काळ्या दगडाची.

हा बेसाल्ट. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा बाहेर आला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. एक थर थिजायचा, मग त्याच्यावर दुसरा पसरायचा. महाराष्ट्राचा बहुतेक भाग या थरांवर उभा आहे.

आता गंमत बघा. खडक तोच, पण अकोले तालुक्यात त्याचं कळसूबाई होतं. 1646 मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. पावसाळ्यानंतर लांबून बघितलं तर डोंगराला आडव्या पायऱ्या दिसतात. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून उतार होतो. भूवैज्ञानिकांनी सह्याद्रीतल्या खालच्या थरांच्या एका गटाला नावच दिलंय ‘कळसूबाई उपगट’. जवळच साम्रदची सांदण दरी आहे. तिथं पाण्यानं खडकातली कमकुवत रेघ धरली आणि तो उभा चिरत नेला.

तिथून पारनेर तालुक्यात निघोजला या. कुकडी नदीचं पात्र म्हणजे सपाट काळा कातळ आणि त्यात रांजणासारखे खोल खड्डे. रांजणखळगे म्हणतात त्यांना. पुराच्या पाण्यात गोटे एका जागी गरगर फिरतात आणि हजारो वर्षं खडक घासत राहतात. जात्यासारखंच! रील काढायला जाल, तर कडेला जपून. कातळ गुळगुळीत असतो आणि वरून खोलीचा अंदाज येत नाही.

हे झालं डोळ्यांना दिसणारं. आता न दिसणारं सांगतो, कारण खरा प्रश्न तिथंच आहे.

घाटमाथ्यावर पाऊस हजारो मिलिमीटर. सह्याद्री ओलांडून पूर्वेला नगर-पारनेरकडे आलं की पाचशे-सहाशेच्या आसपास, आणि वाईट वर्षी त्याहून कमी. बरं, जो पडतो तो साठवायला जमिनीखाली जागा किती? नदीच्या वाळूत वीस टक्क्यांच्या आसपास पाणी मिळू शकतं. आपल्या बेसाल्टमध्ये साधारण एक ते तीन टक्के. तेही अख्ख्या खडकात नाही. वरचा मुरूम, भेगा आणि बारीक भोकांचा मांजऱ्या खडक, एवढ्यातच. काळा पाषाण जवळजवळ कोरडाच.

म्हणजे आपल्याकडे जमिनीखाली समुद्र नाहीये. एक उथळ ताट आहे, लवकर भरणारं आणि लवकर रिकामं होणारं.

मग आपण काय करतो? विहीर आटली की बोअर घेतो. दोनशे फुटांना नाही लागलं तर चारशे, नाही तर सहाशे. कर्ज काढून. खूपदा वर येतो तो नुसता धुरळा. आणि लागलंच पाणी, तर ते नवीन असेलच असं नाही. बोअरनं वरचे थर आरपार छेदलेले असतात, त्यामुळे शेजारच्या विहिरीचं पाणी तुमच्या मोटारीला येऊ शकतं. सातबारा वेगळा, ताट एकच.

हे नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं वेळीच ओळखलं. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. डोंगरउतारावर चर, बांध, झाडं ही कामं तर झालीच. पण माझ्या मते मोठी गोष्ट वेगळी आहे. गावानं ठरवलं, की शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही आणि उसासारखं जास्त पाण्याचं पीक घ्यायचं नाही. दरवर्षी पाऊस मोजतात, गावात पाण्याचा हिशोब मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. पाऊस कमी झाला, तर पिकाला कात्री. चर खणायला पैसा आणि श्रम लागतात. हे पाळायला मात्र शेजाऱ्यावर विश्वास लागतो, आणि तो मिळवणं जास्त अवघड.

सगळीकडे हे जसंच्या तसं जमेल, असं मी म्हणत नाही. गाव मोठं असेल, ऊस आधीच उभा असेल, तर भांडणं होणारच. पण खडक कुणासाठी बदलणार नाही.

म्हणून आज एक काम. गावाकडच्या विहिरीत दोरीला दगड बांधून सोडा आणि पाणी किती फुटांवर आहे ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. दर महिन्याला, त्याच तारखेला. एकटे जाऊ नका आणि कठड्यावर वाकू नका. वर्षभरात तुमच्या गावाचं ताट किती खोल आहे, हे तुम्हालाच कळेल. पुढचं बोअर घ्यायची चर्चा घरात निघाली, की तो आकडा आबांसमोर ठेवा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, पायाखाली बघत चला!